नौपाड्यातला शनिवारचा वाचनगट: माझा रिव्ह्यू

हॉटेलचे, साडीच्या दुकानांचे, क्लासचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, मला आज एका वाचनगटाचा लिहायचाय. ठाण्यात नौपाड्यात महिन्यातून एका शनिवारी दुपारी तीन ते पाच हा गट बसतो, एका जुन्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, आणि पुस्तक निवडताना ते एकच गोष्ट बघतात, घरातल्या बाईला घरातल्याच माणसांकडून होणारा त्रास त्यात कुठेतरी आलेला असला पाहिजे. गटाचं नाव देत नाहीये. चालवणाऱ्या ताईंचंच म्हणणं आहे की नाव आणि पत्ता नेटवर नको, कारण येणाऱ्यांपैकी काहीजणी घरी फक्त "वाचनाला जाते" एवढंच सांगून येतात आणि ते तेवढंच राहिलं पाहिजे. मग रिव्ह्यू का लिहितेय, तर अशा गटात नेमकं होतं काय, चांगलं काय आहे आणि काय कमी पडतं हे कळलं तर कुणाला आपल्या सोसायटीत, महिला मंडळात, भिशीत असंच काही सुरू करता येईल. ठाण्यातच नाही, कुठेही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे सांगते.

मी ऐरोलीला राहते. ट्रान्स हार्बर लोकलने ठाणे म्हणजे मध्ये फक्त दिघा गाव, पूल ओलांडून वेस्टला उतरायचं आणि चालत जायचं. दुपारची तीनची वेळ त्यांनी मुद्दाम ठेवलीय, सकाळचं सगळं आवरलेलं असतं, रात्रीच्या स्वयंपाकाला अजून वेळ असतो, आणि दुपारी बाहेर गेलेल्या बाईला फारसं कुणी विचारत नाही. फी शंभर रुपये, त्यात चहा आणि वाचायच्या पानांची झेरॉक्स. ज्यांना जमत नाही त्यांनी नाही दिले तरी चालतं, दारात एक डबा ठेवलेला असतो, कोण टाकतंय कोण नाही ते कुणी बघत नाही. ही डब्याची गोष्ट मला खूप आवडली कारण ज्या बाईच्या हातात स्वतःचे शंभर रुपयेही नसतात तिलाच तर इथे यायची सगळ्यात जास्त गरज असते ना.

गट दोघी चालवतात. एक रिटायर्ड शिक्षिका, मराठी शिकवायच्या, आणि दुसऱ्या समुपदेशक, त्यांनी हॉस्पिटलमध्ये मार खाऊन आलेल्या बायकांसोबत बरीच वर्षं काम केलंय. ही जोडी महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत आहे. नुसत्या शिक्षिका असत्या तर छान पुस्तकचर्चा झाली असती आणि कुणी मध्येच रडायला लागलं असतं तर काय करायचं ते कळलं नसतं. नुसत्या समुपदेशक असत्या तर ते शिबिर वाटलं असतं आणि अर्ध्या जणी आल्याच नसत्या, कारण "घरगुती हिंसाचार" असा बोर्ड लावलेल्या हॉलमध्ये कोण पाय ठेवणार, शेजारणीने बघितलं तर? पुस्तकाला मात्र कुणीही येऊ शकतं.

सुरुवात मोठ्याने वाचनाने होते. जिला वाचायचंय ती वाचते, बाकीच्या ऐकतात, त्यामुळे ज्यांना नीट वाचता येत नाही, चष्मा विसरला, घरी वेळच मिळाला नाही, कुणीच मागे पडत नाही. मग शिक्षिका ताई प्रश्न विचारतात आणि ह्या गटाचा सगळा कस त्या प्रश्नांमध्ये आहे. "तिने सहन का केलं" हा प्रश्न त्या कधीच विचारत नाहीत, दुसऱ्या कुणी विचारला तर शांतपणे बाजूला ठेवतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "हे घडलं तेव्हा घरात आणखी कोण कोण होतं?" बस. मग आपण पान उलटून परत वाचायला लागतो आणि लक्षात येतं की अरे, इथे तर घर भरलेलं होतं.

संत बहिणाबाईंच्या बैठकीबद्दल सविस्तर सांगते कारण तिथे मला हे पहिल्यांदा नीट कळलं. बऱ्याच जणी खानदेशच्या बहिणाबाई चौधरी समजून आल्या होत्या, पण ह्या त्या नव्हेत, ह्या सतराव्या शतकातल्या, वेरूळजवळच्या देवगावच्या, तुकारामांच्या शिष्या. त्यांनी स्वतःचं आयुष्य स्वतःच अभंगांमध्ये सांगून ठेवलंय आणि त्यात नवऱ्याने केलेली मारहाण स्पष्ट आहे. लग्न तिसऱ्या वर्षी, नवरा तिशीचा बिजवर. अकरा वर्षांची असताना हे कुटुंब कोल्हापुरात एका ब्राह्मणाच्या घरी राहत होतं, तिथे त्यांना एक गाय मिळाली, तिच्या वासराला हिचा फार लळा लागला, आणि जयरामस्वामींच्या कीर्तनात स्वामींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, त्याची गावात चर्चा झाली, ती नवऱ्याच्या कानावर गेली, आणि त्याने तिला बांधून मारलं. ती लिहिते की गाय आणि वासरू चारा खाईनात. हे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईने स्वतःबद्दल सांगितलेलं आहे, दुसऱ्या कुणी तिच्याबद्दल रचलेलं नाही, हे मला आजही फार मोठं वाटतं.

त्या बैठकीला मी सासूबाईंना घेऊन गेले होते. (हे सगळं त्यांना विचारून लिहितेय, त्यांनीच "लिही की, त्यात काय" असं म्हटलंय.) आई वारकरी घरातल्या, पंच्याहत्तरीच्या आत-बाहेर, "संतांचं पुस्तक आहे, येता का" म्हटल्यावर लगेच साडी बदलून तयार. ते वाचन झालं आणि ताईंनी तो प्रश्न विचारला, घरात आणखी कोण होतं. एकजण म्हणाली आई-वडील होते की, भाऊ पण होता, दुसरी म्हणाली घरमालक पण होते. मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही आणि आमच्या आई म्हणाल्या, "गाईला कळलं. आणि एवढी माणसं होती घरात." नंतर म्हणाल्या, "कीर्तनात मी ही गोष्ट कितींदा ऐकली असेल, मारल्याचं सांगितलंही असेल कुणी, पण आम्ही भक्ती ऐकत होतो, मार ऐकलाच नाही."

परत येताना गाडीत गर्दी नव्हती, आई खिडकीत बसल्या आणि आपणहून नानांबद्दल, म्हणजे माझ्या सासऱ्यांबद्दल, बोलायला लागल्या. ते जाऊन बरीच वर्षं झाली. "नानांनी हात नाही उचलला कधी, पण मला भाजीला मोजून पैसे असायचे आणि रात्री हिशोब, आठ आणे कमी आले तर दुसऱ्या दिवशी भाजीच नाही, मुलांनाही नाही. माहेरी जायचं तर एसटीच्या भाड्याला चार दिवस मागे लागायचं." मी ह्या घरात इतकी वर्षं आहे आणि हे मला माहीतच नव्हतं. ह्यांनाही नव्हतं. त्या रात्री जेवताना आईंनी तेच मुलासमोर सांगितलं, ह्यांनी जेवण थांबवून विचारलं की मग तू तेव्हा का नाही बोललीस, आणि आई म्हणाल्या, "कुणाशी?"

ह्यावर एक आकडा सांगते. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ज्या बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं त्यातल्या ७७ टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. त्याच सर्वेक्षणात ४५ टक्के बायकांनी म्हटलंय की काही ना काही कारण असेल तर नवऱ्याने मारणं बरोबर आहे, आणि पुरुषांमध्येही तो आकडा ४४ टक्के, जवळपास तेवढाच. समुपदेशक ताईंनी हे आकडे एका बैठकीत बोर्डवर लिहिले आणि त्यावर भाषण न देता फक्त म्हणाल्या, आपण इथे ह्या ७७ साठी बसतो. म्हणजे लगेच तक्रार नाही, कोर्ट नाही, आधी कुणाला तरी सांगता येणं. आणि सांगायला सुरुवात "मला" पासून होत नाही, "त्या पुस्तकातल्या बाईला" पासून होते.

दुसरी बैठक जी मला विसरता येत नाही ती बेबी कांबळेंच्या "जिणं आमुचं" वर होती. १९८६ चं आत्मकथन, फलटणच्या दलित लेखिका बेबीताईंचं. त्यात वस्तीतल्या सुनांचे जे हाल आहेत ते वाचताना हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा येत होता. पळून गेलेल्या सुनेच्या पायात लाकडाचा जड खोडा अडकवायचे, पाय सोलून निघायचा, आणि हे करणारी घरची माणसं, सासू त्यात पुढे. बेबीताईंनी सासवांना पण सोडलेलं नाही, आणि त्याच वेळी जातीने ज्यांना रोज चिरडलं ती माणसं घरात आपल्यापेक्षा खालच्या माणसाला कशी चिरडतात तेही लिहिलंय. त्यावर चर्चा गरम झाली. एकजण म्हणाली हे त्या समाजात असेल, आणि शिक्षिका ताईंनी तिथल्या तिथे मागच्याच महिन्यातल्या ब्राह्मण घरातल्या बहिणाबाईंची झेरॉक्स वर काढली आणि दोन्ही पानं शेजारी ठेवली. काही बोलल्या नाहीत. पुस्तकांचा क्रम त्यांनी ह्याच विचाराने लावलेला आहे हे मला तेव्हा समजलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. बेबीताईंनी पुस्तकात सगळ्यांचा मार लिहिला, स्वतःचा जवळजवळ नाही. त्या किराणा दुकान चालवायच्या, दुकानात बसून लिहायच्या, आणि लिहिलेलं वीसेक वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं होतं. स्वतःच्या मारहाणीबद्दल त्या बोलल्या ते खूप नंतर, माया पंडितांनी पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं त्यासोबतच्या मुलाखतीत. त्यात त्या सांगतात की एकदा मुंबईला सभेला जाताना गर्दीच्या डब्यात काही पोरं त्यांच्याकडे बघत होती, तर नवऱ्याने संशय घेऊन असं मारलं की नाकातून रक्त यायला लागलं. ट्रेनचा डबा, गर्दी, आजूबाजूला माणसं. ताईंनी हे वाचून दाखवलं आणि प्रश्न तोच, आणखी कोण कोण होतं तिथे? आमच्यातल्या जवळपास सगळ्या रोज लोकलने जाणाऱ्या, त्यामुळे हा प्रश्न कुणालाच पुस्तकातला वाटला नाही. पुढचा अर्धा तास डब्यात, प्लॅटफॉर्मवर, जिन्यात, वरच्या मजल्यावर काय काय बघितलंय आणि आपण काय केलं किंवा नाही केलं ह्यावर गेला. कोण काय बोललं ते इथे सांगणार नाही, तो नियम आहे आणि तो मी पाळणार.

नियमांबद्दल थोडं सांगायला हवं कारण गट चांगला चालतो तो ह्यांच्यामुळे. तुझ्या घरी काय चालतं असं कुणी कुणाला विचारायचं नाही. जिने आपणहून सांगितलं तिला सल्ला द्यायचा नाही, खास करून "सोड त्याला" असं तर बिलकुल नाही. पहिल्यांदा मला हे खटकलं होतं, एखादी एवढं सांगतेय आणि आपण गप्प बसायचं? मग समुपदेशक ताईंनी समजावलं की बाई घर सोडते किंवा सोडणार असं नवऱ्याला कळतं तो काळ तिच्यासाठी बरेचदा सगळ्यात धोक्याचा असतो, गळा दाबण्याचा प्रकार एकदाही झाला असेल तर जिवाचा धोका अजून वाढतो, त्यामुळे कधी निघायचं, कुठे जायचं, कागदपत्रं आणि औषधं कुठे ठेवायची हे तिच्यासोबत बसून ठरवावं लागतं, हॉलमध्ये वीस जणींसमोर जोशात नाही. ज्यांना बोलायचंय त्यांच्यासाठी त्या पाचनंतर थांबतात, आणि बाकीच्यांनी भराभर निघून जायचं म्हणजे कोण थांबलं ते कुणाला कळत नाही. फोटो काढायचे नाहीत. व्हॉट्सॲपवर फक्त तारीख आणि पुस्तकाचं नाव येतं, चर्चा नाही, "कालची बैठक छान झाली ग" पण नाही, कारण फोन घरात कुणाच्याही हातात असतो. आणि लहान मुलांना शेजारच्या खोलीत बसवतात, एक कॉलेजची मुलगी त्यांच्याकडून चित्रं काढून घेते. हे फक्त आयांना निवांत बसता यावं म्हणून नाहीये, मुलं ऐकलेलं घरी जाऊन जसंच्या तसं सांगतात म्हणून आहे. एवढा बारीक विचार मी दुसऱ्या कुठल्याच महिला कार्यक्रमात बघितलेला नाही.

वकील ताई वर्षातून एखाद्या बैठकीला येतात. त्या दिवशी पुस्तक नसतं, म्हणजे असतं ते कायद्याचंच. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. माझी समजूत होती की नवऱ्याविरुद्ध जायचं म्हणजे पोलीस आणि ४९८अ, म्हणजे नवऱ्याच्या-सासरच्यांच्या छळाचं कलम, जे आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय. तो फौजदारी रस्ता वेगळा. २००५ च्या कायद्यात तुम्ही घटस्फोट न घेता, घर न सोडता मॅजिस्ट्रेटकडे मागू शकता की ह्याला मारायला मनाई करा, मला घरात राहू द्या, खर्चाला पैसे द्या, मुलं माझ्याकडे राहू द्या. मनाईचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्ज माहेरी तात्पुरतं राहत असाल तर तिथल्या कोर्टातही करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात तारखा लांबतात, आणि हे वकील ताईंनी लपवलं नाही ते बरं केलं.

सगळ्यात जास्त प्रश्न आले ते फ्लॅटवरून. इकडे घोडबंदरला काय, नवी मुंबईत काय, निम्मे फ्लॅट सासऱ्यांच्या नाहीतर सासूच्या नावावर, आणि भांडण झालं की पहिलं वाक्य "हे घर तुझं नाही, चालती हो". त्यावर सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल आहे की सून जिथे खरंच संसार करून राहत होती ते घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी कायद्याच्या अर्थाने सामायिक घर ठरू शकतं. सरसकट प्रत्येक केसमध्ये नाही, पण फक्त नाव त्यांचं आहे म्हणून तिला बाहेर काढता येणार नाही. हॉलमध्ये एकदम चुळबूळ झाली. काहीजणी हे लिहून घेत होत्या, काहीजणी लिहायला घाबरत होत्या. आणि त्रास देणारी बाई असेल, सासू किंवा नणंद, तर तिच्याविरुद्धही अर्ज करता येतो, तो रस्ता २०१६ च्या निकालाने मोकळा झाला.

मग त्यांनी २००५ च्या कायद्याचं कलम ३ वाचलं. त्यात हिंसेचे प्रकार दिलेत, शारीरिक, लैंगिक, तोंडी आणि मानसिक, आणि चौथा प्रकार आर्थिक. घरखर्चाला पैसे न देणं, तिच्या हक्काचे पैसे अडवून ठेवणं. आई शेजारीच होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मोठ्याने विचारलं, "म्हणजे हे कायद्यात आहे?" वकील ताई म्हणाल्या, "हो आजी, आहे." त्यानंतर घरी जो कुणी येईल त्याला आई हे सांगतात, दूधवाल्यालासुद्धा सांगून झालंय.

आणि ह्या सगळ्याच्यावर मला जे सर्वात मोलाचं वाटलं ते कलम ४. कुठल्या घरात असं काही होतंय किंवा व्हायची शक्यता आहे असं ज्याला कुणाला वाटतं तो संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे ह्या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतो. शेजारी, कामवाली ताई, शाळेतली बाई, कुणीही. आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर कसलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. म्हणजे तो शिक्षिका ताईंचा प्रश्न, घरात आणखी कोण होतं, तो नुसता पुस्तक वाचायचा प्रश्न नाहीये, कायद्याने त्या "आणखी कोण" ला काम दिलेलं आहे. २००८ मध्ये टीव्हीवर "बेल बजाओ" च्या जाहिराती यायच्या आठवतात का, शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला की जाऊन नुसती बेल वाजवायची, दूध मागायचं, काहीही मागायचं, म्हणजे आतल्या माणसाला कळतं की बाहेर कुणीतरी ऐकतंय. तेव्हा मी जाहिरात म्हणून बघून सोडून दिलं होतं. आता आमच्या मजल्यावरच्या तिघी-चौघींनी मिळून ठरवलंय की आवाज आला तर दोघींनी मिळून बेल वाजवायला जायचं, एकटीने नाही, आणि प्रकरण जास्त वाटलं तर बेल नाही, सरळ ११२.

नंबर गटात पाठच करून घेतात. १८१ महिला हेल्पलाईन, ११२ पोलीस, १५१०० मोफत कायदेशीर मदतीसाठी. शेवटचा बऱ्याच जणींना माहीत नसतो, आणि हेही माहीत नसतं की बाईला सरकारी मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, नोकरी करणारीलाही मिळतो. आधी हे नंबर बुकमार्कच्या मागे छापून द्यायचे, मग एकीनेच म्हटलं की हे पर्समध्ये सापडलं तर? तेव्हापासून छापणं बंद, बैठकीच्या शेवटी सगळ्यांनी एकदा मोठ्याने म्हणायचे. ऐकून लगेच बदललं हे मला फार आवडलं.

आता अर्धा मार्क का कापला. पहिलं, जागा. दुसरा मजला, लिफ्ट नाही, आमच्या आईंना मध्ये एकदा थांबावं लागतं आणि ज्यांचे गुडघे गेलेत त्या येणारच नाहीत, आणि म्हाताऱ्या बायकांवर मुलं-सुना काय काय करतात तो विषय तर अजून उघडायचाच आहे. दुसरं, पुस्तकाच्या प्रती दोन-तीनच असतात, झेरॉक्सवर भागतं पण ज्यांना पूर्ण पुस्तक वाचायचंय त्यांची रांग महिनाभर संपत नाही. (ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, मी तिथे मेंबर झाले, ज्यांना परवडतं त्यांनी तसं करा आणि गटाच्या प्रती दुसऱ्यांना सोडा.) तिसरं, वकील ताईंना दोन तास पुरत नाहीत, माझ्या मते त्यांची बैठक वर्षातून तीनदा तरी हवी, त्या दिवशी निम्मे प्रश्न तसेच राहिले आणि एखादीला पुन्हा यायला जमेलच असं नाही. चौथं, सगळं मराठीत चालतं. माझ्यासाठी ते छानच आहे पण आमच्याच बिल्डिंगमधल्या दोघी हिंदी बोलणाऱ्या, त्यांना घेऊन जाता येत नाही. आणि शनिवारी ड्युटी असलेल्या नर्सेस, मॉलमधल्या मुली, घरकाम करणाऱ्या ताया ह्यांना तीन ते पाच कधीच जमणार नाही.

पुरुष नाहीत, ह्याबद्दल मी मार्क कापलेला नाही, कारण ह्या गटात ते नकोतच, त्यांच्यासमोर निम्मं बोलणं बंद होईल. पण त्यांच्यासाठी वेगळा गट हवा हे मात्र नक्की. मुंबईत "मावा" ही पुरुषांनीच सुरू केलेली संस्था १९९३ पासून हेच काम करतेय, त्यांचा "पुरुष स्पंदनं" नावाचा दिवाळी अंक निघतो, तो मी घरी आणला आणि ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी वाचला. पूर्ण नाही, पण दोन लेख वाचून मग आईंजवळ जाऊन बसले आणि लहानपणीच्या त्या भाजीच्या हिशोबाबद्दल अजून विचारलं. आमच्या घरात असं बोलणं ह्याआधी झालेलं मला आठवत नाही.

कुणी जावं? ज्यांना वाचायला आवडतं त्यांनी तर जावंच, पण ज्यांना वाटतं की "आमच्याकडे असलं काही नाही" त्यांनी आधी जावं, कारण हा गट फक्त मार खाणारीसाठी नाही, भिंतीपलीकडे राहणारीसाठी पण आहे. कुणी जाऊ नये? ज्यांना आज, आत्ता मदत हवी आहे त्यांनी पुढच्या महिन्यातल्या शनिवारची वाट बघू नका, १८१ ला फोन करा, अंगावर जखम असेल तर सरकारी हॉस्पिटलमध्ये जाऊन डॉक्टरांना खरं कारण सांगा आणि ते कागदावर लिहून घ्या, पडले वगैरे सांगू नका, तो कागद पुढे पुरावा म्हणून लागतो. ताई स्वतःच हे दर वेळी सांगतात की आमचा गट म्हणजे उपचार नाही.

आता पुढचं म्हणजे ऐरोलीत असाच गट सुरू करायचं चाललंय, दोन्ही ताई सुरुवातीच्या बैठकांना यायला तयार आहेत आणि शिकवून पण देणार आहेत, कारण त्यांचं स्पष्ट म्हणणं आहे की ट्रेनिंग न घेता कुणी हे चालवू नये. समुपदेशक म्हणून आमच्या भागातली एक मॅडम मिळाल्यात. पहिलं पुस्तक ताराबाई शिंदेंचं "स्त्रीपुरुष तुलना" घ्यायचं ठरतंय, १८८२ चं आहे पण छोटं आहे आणि मोठ्याने वाचायला जोरदार आहे, आईंनी पहिली दोन पानं वाचायची जबाबदारी आत्ताच घेतलीय. फक्त जागा मिळत नाहीये. तळमजला हवा, बाजूला मुलांसाठी एक खोली हवी, पाचनंतर अर्धा-पाऊण तास थांबता आलं पाहिजे, आणि बाहेर विषयाचा बोर्ड लावायचा आग्रह नको. ऐरोली, रबाळे, घणसोली कुठेही चालेल, स्टेशनपासून चालत असेल तर उत्तम, भाडं थोडंफार देऊ शकतो. कुणाच्या ओळखीत सोसायटीचा हॉल, बालवाडी, क्लासची खोली असेल तर मला मेसेज करा, शनिवारच जमत नसेल तर रविवार पण चालेल, मग त्या मॉलमधल्या मुलींसाठी वेळ कुठली ठेवायची तेवढं बघावं लागेल.